खंडेनवमीला लावलेलं तेल

सदाशिवरावांना मळकट वस्तू बघवत नसे. जुन्या हुबळीत त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, दुकानामागं पॉलिशची मोटर आणि वर घर. खाली काय आणि वर काय, जे घासता येईल ते चकचकीत असलंच पाहिजे, असा त्यांचा बाणा. दाराची कडी, देवघरातली समई, जिन्याचा कठडा यांचं तर सोडाच, पाहुण्यांच्या बुटांकडेही ते अशा नजरेनं बघत की पाहुणा आपसूक पाय खुर्चीखाली ओढून घेई. रुक्मिणीबाई म्हणत, "ह्यांच्या हातून माझं नशीबच तेवढं सुटलं, त्याला काही लकाकी आली नाही." सदाशिवराव हसत आणि हातातलं फडकं चालूच ठेवत.

अशा घरात त्यांच्या सुनेचा बोलिंगचा बॉल मुक्कामाला होता, आणि तो अगदीच निस्तेज होता. निळसर काळा, कलिंगडाएवढा, उचलताना कंबर सांभाळावी इतका जड, पण वर राख फासल्यासारखा. दीपश्री तो जिन्याखाली एका पिशवीत ठेवायची. तिथून जाता-येता सदाशिवरावांचे हात शिवशिवायचे.

दीपश्री धारवाडकडची, शिक्षकाची मुलगी. रायापूरच्या एका शाळेत गणित शिकवायची आणि येताना गोकुळ रोडवरच्या मॉलमध्ये उतरून तासभर बोलिंग खेळायची. गुळगुळीत लेनवरून बॉल सोडायचा आणि टोकाला उभ्या केलेल्या दहा पिना पाडायच्या, असा तो खेळ. सदाशिवरावांनी तो कधी जाऊन पाहिला नव्हता. मागच्या वर्षी बेळगावच्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, ते सगळ्यांसमोर बोलून गेले होते, "आमची सूनबाई पगार घेते गणिताचा आणि खेळते गोट्या. चांगल्या मोठ्या गोट्या!" पंगत खो खो हसली. दीपश्रीही थोडं हसली आणि वाढपाचं भांडं घेऊन पुढं गेली.

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी फार नीट वागू लागली. वेळेवर चहा, वेळेवर गोळ्या, "अप्पा, जेवायला चला," "अप्पा, पाणी तापलंय." बोट ठेवायला कुठं जागा नाही. आणि हेच म्हाताऱ्याला सलत होतं. पूर्वी हीच पोरगी सकाळी कन्नड पेपर हातात घेऊन त्यांच्याशी भांडायची. महानगरपालिकेवरून, पावसाच्या अंदाजावरून, उप्पिटात कांदा किती घालावा यावरून. ती भांडणं बंद झाली आणि सदाशिवरावांची सकाळ मुकी झाली. माफी मागावी हे त्यांना कळत होतं, पण जन्मात कधी कुणाची मागितली नव्हती, त्यामुळं सुरुवात कुठून करतात तेच ठाऊक नव्हतं.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्याच्या-त्याच्या हत्याराची पूजा. दुकानातले हातोडे, तराजू, मोटर, विनायकची मोटारसायकल, त्याचा लॅपटॉपसुद्धा धुऊन-पुसून, तेलाचा हात फिरवून, हळदकुंकू लावून देवापुढं मांडायचा. विनायक म्हणजे सदाशिवरावांचा मुलगा, दीपश्रीचा नवरा. आदल्या संध्याकाळी हातोड्यांना तेल लावता लावता सदाशिवरावांच्या मनात आलं, की इतक्या वर्षांत सुनेचं हत्यार काही आपण कधी मांडलं नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी तिला बेंगळुरूला जायचं होतं. राज्याच्या महिला संघाची निवड होती आणि गेलं वर्षभर तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तोंडानं जे सांगता येत नाही ते हातानं सांगू, असं त्यांनी ठरवलं. कल्पना इतकी आवडली त्यांना, की त्यांनी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

बॉल त्यांनी मोटरवर धरला. चाकाला पॉलिशची वडी लावली आणि फिरवून फिरवून त्याला असा उजळला की त्यात स्वतःच्या मिशा दिसू लागल्या. मग शेंगतेल लावलं. लावलेलं तेल थोड्या वेळानं दिसेना. पुन्हा लावलं, पुन्हा नाहीसं. "बिचारा किती कोरडा पडला होता!" असं स्वतःशीच म्हणत त्यांनी आणखी लावलं, बोटांच्या भोकांतूनही फिरवलं आणि रात्रभर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

सकाळी दीपश्री खाली आली. हातोडे आणि तराजूंच्या मधोमध, झेंडूच्या माळेत, कपाळावर कुंकवाचा टिळा लावलेला तिचा बॉल बसला होता. क्षणभर तिला तो ओळखूच आला नाही.

"अप्पा, हा..."

"माझ्या हातानं केला," सदाशिवराव म्हणाले. "मुद्दाम."

ती बघत राहिली. मग तिनं हात जोडले, वाकून नमस्कार केला, "चहा टाकते" म्हणाली आणि वर गेली.

"बघितलंस?" सदाशिवराव बायकोला म्हणाले. "डोळे भरून आले पोरीचे."

"बघितलं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांना नवऱ्यापेक्षा जरा जास्त दिसलं होतं, पण सणासुदीचं कुठं बोलायचं म्हणून त्या गप्प राहिल्या.

दसऱ्याच्या संध्याकाळी सगळे सोनं देऊन-घेऊन आले आणि विनायक वडिलांना घेऊन गच्चीवर गेला. बराच वेळ तो रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बोलला. मग म्हणाला, "अप्पा, त्या बॉलला काय काय लावलासा?"

सदाशिवरावांनी हौसेनं सगळं सांगितलं. पॉलिशची वडी कोणती, तेल कुठल्या घाण्याचं, तेही सांगितलं.

विनायकनं कपाळाला हात लावला. "अहो, त्याला चकाकी नको असते. बेंगळुरूच्या लेनवर तेल असतं, दाट, इथल्यापेक्षा पुष्कळ. मागच्या वर्षी दीपाकडं जुना गुळगुळीत बॉल होता, तो त्या तेलावरून सरळ घसरत गेला, वळलाच नाही. वळला नाही तर पिना पडत नाहीत. म्हणून हा घेतला. कितीतरी आठवडे ती आणि मॉलमधला तो श्रीहर्ष, तिचा शिकवणारा, डोकी लावून बसले होते. ह्याचं वरचं कवच तेल पिणारं आहे, आणि ते मुद्दाम खरखरीत ठेवायचं. तेलात धरपकड करावी लागते ना त्याला. आतला गाभा एका अंगाला जड, म्हणजे वळताना जोर येतो."

"तेल पिणारं," सदाशिवराव म्हणाले.

"लेनवरचं घोटभर पितो, ती लगेच पुसते. तुम्ही त्याला रात्रभर पाजलासा. काल तिनं मॉलमध्ये टाकून बघितला. सरळ गेला, बाणासारखा."

"दुसरा आणू. उद्याच आणू."

"भोकं तिच्या बोटांच्या मापानं पाडावी लागतात. ते मशीन हुबळीत नाही. रविवारपर्यंत कुठला होतोय?"

सदाशिवराव गच्चीच्या कठड्याला धरून उभे राहिले. खाली फटाके वाजत होते. त्यांनी विचारलं, "मग ती मला काही बोलली का नाही?"

"मीही तेच विचारलं तिला," विनायक म्हणाला. "म्हणाली, अप्पांनी पहिल्यांदाच माझी वस्तू देवापुढं ठेवली. आता काय बोलू?"

त्या रात्री सदाशिवराव जेवले नाहीत. बॉल बिघडल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की आपण तिचं एवढं नुकसान केलं आणि तिला आपल्याला दोन शब्द सुनवावेसेही वाटले नाहीत. परक्या माणसाला आपण असंच सोडून देतो.

सकाळी ते थेट स्वयंपाकघरात गेले. दीपश्री भाकरी थापत होती.

"तो बॉल मी मारून टाकला म्हणे."

"तसं काही नाही, अप्पा. होईल काहीतरी."

"काय होईल ते सांग. मी करतो."

तिनं भाकरी उलटली. तिला नाही म्हणायचं होतं, हे तिच्या पाठीवरून दिसत होतं. पण सदाशिवराव दारातून हलेनात, तेव्हा तिनं श्रीहर्षला फोन लावला आणि तो काय सांगतो ते त्यांनाही ऐकवलं. प्यायलेलं तेल गरम पाण्यानं बाहेर काढता येतं. सगळं निघेलच असं नाही. आणि मग घासून पुन्हा खरखरीत करायचं.

दुकानातलं सगळ्यात मोठं तांब्याचं घंगाळ वर आलं. सदाशिवरावांना पाणी उकळायचं होतं, कारण चिकटाला उकळतं पाणी हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. दीपश्रीनं हात आडवा धरला. "उकळतं नको, तडकेल तो. हात घालून सोसवेल इतकंच. म्हणून तर मी त्याला उन्हातल्या गाडीतसुद्धा ठेवत नाही." तिनं बोटांची भोकं टेपनं बंद केली, पाण्यात भांड्यांचा साबण सोडला आणि बॉल हळूच आत ठेवला. दोघं दोन बाजूंना पाटावर बसली. थोड्या वेळानं बॉलच्या अंगावर बारीक घाम फुटला, थेंब सुटून वर आले आणि पाण्यावर सोनेरी तवंग धरू लागला. शेंगतेलाचा वास बाथरूमभर पसरला.

"माझंच," सदाशिवराव म्हणाले.

दीपश्रीनं बॉल काढून पुसला, पाणी ओतून दिलं, नवं भरलं. दिवसभर हेच चाललं. संध्याकाळकडं तवंग दिसेनासा झाला.

मग घासायचं काम. तिच्याकडं राखाडी रंगाच्या गोल चकत्या होत्या, पॉलिश पेपरसारख्या. बॉल ओला ठेवायचा, एक बाजू घासायची, फिरवायचा, दुसरी बाजू, असं करत सगळ्या अंगांना सारखं आलं पाहिजे. हे सदाशिवरावांनी मागून घेतलं. त्यांचा हात आयुष्यभर वस्तू उजळण्यात गेलेला. घासता घासता तो आपोआप हलका होई, गोल फिरू लागे आणि बॉलवर कुठंतरी चमक उमटे. दीपश्री म्हणे, "अप्पा, तिथं चकाकलं." ते शरमून पुन्हा जोर लावत. स्वतःच्या हातानं आणलेली लकाकी स्वतःच्या हातानं उतरवायची, हे काम त्यांना जड गेलं, पण त्यांनी ते उरकलं नाही, पूर्ण केलं. शेवटी बॉल पूर्वीसारखा झाला, राख फासल्यासारखा.

"छान झालाय, अप्पा," दीपश्री म्हणाली.

तिच्या सुरात तोच तो पंगतीनंतरचा नीटनेटकेपणा होता. सदाशिवराव म्हणाले, "मी येऊ का बेंगळुरूला? विनायकला सुट्टी नाही ना."

"या की," ती म्हणाली.

रविवारी सकाळी सदाशिवरावांनी आपल्या सुनेचा खेळ पहिल्यांदा पाहिला. एक यंत्र लेनवरून हळूहळू तेल पसरत गेलं आणि लाकूड असं लखलखू लागलं की त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. सहा खेळ व्हायचे होते आणि सहाही खेळांत पाडलेल्या पिना मिळून निवड. दीपश्री आली, चार पावलं टाकली आणि बॉल सोडला. तो तेलावरून उजवीकडच्या कडेनं गेला, बाजूच्या पन्हळीत पडतो की काय इतका कडेला गेला, आणि मग शेवटी जणू काही आठवल्यासारखा वळून पिनांच्या मधोमध घुसला. दहाही पिना आडव्या. सदाशिवराव उभे राहिले. आपण उभे राहिलो हे त्यांना शेजारच्या माणसानं सांगितल्यावर कळलं.

पहिले दोन खेळ असे गेले की ती वरच्या नावांत आली. प्रत्येक वेळी बॉल परत आला की ती तो फडक्यानं पुसून घ्यायची. सदाशिवरावांचा जीव भांड्यात पडला. आपण मोडलं ते आपणच सांधलं, असं त्यांना वाटू लागलं, आणि त्यांनी घरी फोन करून रुक्मिणीबाईंना तसं सांगूनही टाकलं.

तिसऱ्या खेळात बॉल उशिरा वळू लागला. चौथ्यात तर कधी वळे, कधी तसाच पुढं जाई. दीपश्री आता बॉल फार वेळ पुसत होती. मधल्या विश्रांतीत ती पाणी प्यायला गेली, तेव्हा सदाशिवरावांनी बाकावरचं तिचं फडकं उचललं. लेनवरच्या तेलाला वास नव्हता. ह्या फडक्याला होता, आणि तो त्यांच्या घरचा होता. फिरून फिरून, घासून घासून बॉल तापला होता आणि आत खोल मुरलेलं शेंगतेल आता बाहेर सुटत होतं.

ती परत आली. तिच्याजवळ दुसरा बॉल होता, तो जुना गुळगुळीत. एव्हाना इतक्या जणींच्या बॉलनी लेनवरचं निम्मं तेल उचलून नेलं होतं, दुसऱ्या बायका बॉल बदलू लागल्या होत्या. हे सदाशिवरावांनाही आता बघून बघून समजलं होतं. गणिताच्या बाईंना समजलं नसेल? तरी तिनं पुन्हा त्याच बॉलकडं हात नेला, आणि नेताना एकदा त्यांच्याकडं बघून हसली. ते हसू बघितलं आणि त्यांना कळलं. ती माझ्यासाठी हा धरून बसलीय. मी दिवसभर घासला म्हणून.

ते उठून कठड्यापाशी गेले. "दीपश्री, ठेव तो खाली."

"चालतोय की, अप्पा."

"चालत नाही. शेंगतेलाचा वास येतोय त्याला. मी घाण केली ती निघाली नाही. माझं मन राखत बसू नकोस, दुसरा घे!"

आवाज मोठा झाला होता, पलीकडच्या लेनवरच्या बायका वळून बघू लागल्या. दीपश्री त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं तो बॉल खाली ठेवला आणि जुना उचलला.

शेवटचे दोन खेळ ती सुरेख खेळली. कमी तेलावर जुना बॉल शहाण्यासारखा वळत होता. पण मधले दोन खेळ गेले ते गेलेच. नावं वाचली तेव्हा शेवटच्या निवडलेल्या मुलीत आणि दीपश्रीत मोजक्या पिनांचा फरक होता. तिनं त्या मुलीचा हात हातात घेतला, अभिनंदन केलं, बूट बदलले आणि पिशवी भरली. स्टेशनवर दोघांनी इडली खाल्ली.

दुपारची गाडी तुमकूर सोडून पुढं लागली. दीपश्री खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या बाकावर मोगऱ्याचा गजरा माळलेल्या एक वयस्क बाई वाटाणे सोलत होत्या.

"अप्पा, एक विचारू?" दीपश्री बाहेरच बघत म्हणाली.

"विचार की."

"बोलिंगच्या बॉलला कुणी शेंगतेल लावतं?"

सदाशिवराव खिडकीचा गज रुमालानं पुसू लागले.

"नाही, सांगा. लावतं का? एकदा लावलासा, ते आत गेलं, तेव्हा कळायला नको? तर आणखी लावलासा! रात्रभर गुंडाळून ठेवलासा! घरात माणसं नव्हती विचारायला? वर हाक मारली असती तर मी आले नसते?" तिचा आवाज चढत गेला. "आणि माझी पिशवी उघडायचीच कशाला? हातोडा आहे तो? तपेलं आहे? जग चकचकीत करायला निघालेत! आणि मी एक शहाणी. दोन खेळ घालवले. तिसऱ्यातच बदलायला हवा होता. कळत होतं मला. पण अप्पांना वाईट वाटेल, अप्पांनी दिवसभर घासलाय. गोड बोलत बसले आणि घालवून बसले!"

"माझं चुकलं," सदाशिवराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, आणि वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं निघालं.

"नुसतं चुकलं म्हणून होतंय काय? आणि बेळगावात काय म्हणालासा? गोट्या? सगळ्या पंगतीसमोर? सात वर्षं खेळतेय मी, एकदा तरी बघायला आलासा?" आता ती रडत होती, नाक पुसत होती आणि थांबत नव्हती. "वर्षभर मी ते गिळून बसलेय, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"काही कळत नाही तुम्हाला!"

समोरच्या बाईंचे हात वाटाण्यांवर थांबले होते. मराठी त्यांना येत नव्हती, पण एवढं समजायला भाषा लागत नाही. त्या सदाशिवरावांकडं वाकल्या आणि कन्नडमध्ये हळूच विचारलं, "मुलगी का हो तुमची?" सून सासऱ्याला असं बोलणार नाही, असा त्यांचा अंदाज होता.

सदाशिवरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण दीपश्रीनंच त्या बाईंना ठणकावून सांगितलं, कन्नडमध्येच, "सून आहे मी. आणि माझं बोलून अजून संपलेलं नाही."

ती पुन्हा सासऱ्यांकडं वळली. सदाशिवरावांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले नाहीत, पाय वर घेऊन मांडी घातली आणि ऐकायला सरसावून बसले. अरसीकेरे स्टेशन यायला अजून बराच वेळ होता.